विजेवरची शटल: पर्यटक खरेच काय निवडतात, आणि ते त्यांना विचारायचे कसे?

(ही एक लेखी चर्चा आहे. प्रत्येक भागाच्या वर तो लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

डोंगरवाट

डोंगरमाथ्यावरच्या एका पर्यटनस्थळासाठी पायथ्याच्या पार्किंगपासून वरपर्यंत विजेवरच्या शटलचा आराखडा करायचा आहे. खासगी गाड्या वर जाऊ द्यायच्या नाहीत असा विचार आहे, पण ते अजून पक्के नाही.

एका बाजूचे अंतर ६.५ किमी, एकूण चढ २८० मीटर, मध्ये दोन थांबे. रस्ता अरुंद, एका ठिकाणी साधारण ३०० मीटरचा टप्पा १२ टक्के चढाचा आहे. सुटीच्या दिवशी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा तासाला १२० माणसे वर जातील असा अंदाज, एरवी तासाला ३० ते ४०. सूर्यास्त पाहून उतरणारी गर्दी मात्र एकदम येते, अडीचशेच्या घरात. डोळ्यांसमोर १२ आसनी उघड्या गाड्या आहेत: ७२ व्होल्ट, सुमारे १५ किलोवॅट-तासांची बॅटरी, ७.५ किलोवॅटची मोटार.

एक छोटी प्रश्नावली भरून घेतली आहे. "विजेवरची शटल असेल तर वापराल का?" याला जवळपास सगळ्यांचे उत्तर "हो". "पर्यावरणासाठी थोडे जास्त भाडे द्याल का?" यालाही बहुतेकांचे "हो". यावर विसंबून किती गाड्या घ्याव्यात आणि भाडे किती ठेवावे हे ठरवता येईल का? लोकांना नक्की काय हवे असते: वीज, वातानुकूलन, कमी भाडे, की आणखी काही? शक्य तितके नेमके सांगा.

वेळापत्रक

त्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर एकही गाडी विकत घेऊ नका. "वापराल का" या प्रश्नात उत्तर देणाऱ्याला काहीच सोडावे लागत नाही. प्रत्यक्षात तो पार्किंगमध्ये उभा असतो, लेकरू कडेवर, ऊन डोक्यावर, आणि समोर रांग. तेव्हा त्याच्या मनात गाडी कशावर चालते हा प्रश्न नसतो. किती वेळ थांबायचे, सगळ्यांना एकत्र जागा मिळेल का आणि संध्याकाळी परत यायला गाडी असेल का, हे तीन असतात.

याचा चांगला दाखला अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानाचा. तिथल्या दरीतली शटल २००० साली सुरू झाली ती प्रोपेन वायूवर चालणाऱ्या बसगाड्यांनी. पूर्ण विजेवरचा ताफा आला २०२४ मध्ये. मधली वीसेक वर्षे लोक त्याच शटलने गेले, कारण हंगामात दरीतल्या रस्त्यावर खासगी गाडी नेता येत नव्हती, वेगळे तिकीट नव्हते आणि गाड्या ठरावीक वेळाने येत होत्या. इंधन नंतर बदलले, बसण्याची सवय आधी लागली होती. वीज निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. धूर नाही, इंजिनाची धडधड नाही, चालकाचे बोलणे मागच्या बाकापर्यंत ऐकू येते, पक्षी उडून जात नाहीत, हे प्रवाशांना आवडतेच. पण ते गाडीत बसल्यावर. गाडीत बसण्याआधीचा निर्णय वेगळ्या गोष्टींवर होतो.

आता थांबण्याचे गणित. वाहतूक नियोजनात वाट पाहण्याचे एक मिनिट गाडीतल्या दीड ते अडीच मिनिटांइतके जड धरतात. तुमचा वर जाण्याचा वेळ २० ते २२ मिनिटे. त्याआधी १५ मिनिटे थांबावे लागले तर प्रवाशाच्या मनात थांबणेच प्रवासाहून मोठे होते. आणि सरासरी थांबणे म्हणजे दोन फेऱ्यांमधल्या अंतराचे निम्मे, हे फक्त गाड्या घड्याळाप्रमाणे सुटत असतील तरच खरे. अंतर कमीजास्त होऊ लागले की सूत्र असे (चलनगुणांक म्हणजे फेऱ्यांमधल्या वेळेचे हे अंतर सरासरीच्या मानाने किती कमीजास्त होते ते: प्रमाण विचलन भागिले सरासरी):

सरासरी थांबणे = (अंतर ÷ २) × (१ + चलनगुणांकाचा वर्ग)

दर १० मिनिटांनी गाडी आहे आणि ती नेमकी येते, तर ५ मिनिटे. चलनगुणांक ०.५ झाला तर ६.२५. तो १ झाला, म्हणजे दोन-तीन गाड्या एकामागोमाग आणि मग मोठे खिंडार, तर तेवढ्याच गाड्या आणि तेवढेच चालक असूनही थांबणे थेट १० मिनिटे. हे घडते असे: एक गाडी दोन मिनिटे उशिरा निघाली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसे जमतात, ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो, आणि मागची गाडी जवळजवळ रिकामी तिला येऊन गाठते. मुख्य उपाय: वरच्या टोकाला गाडी थोपवून वेळेवर सोडणे. त्यासाठी वेळापत्रकात प्रत्येक टोकाला ५ मिनिटे आणि वर ५-६ मिनिटांची मोकळीक हवी. म्हणजे तुमची पूर्ण फेरी २२ + २२ + १० + ६, साठ मिनिटांची.

"गाडी भरली की सुटेल" ही पद्धत तर नकोच. कमी गर्दीत पहिला बसलेला माणूस पंचवीस मिनिटे ताटकळतो आणि पुढच्या खेपेला स्वतःची गाडी काढतो. वेळ झाली किंवा गाडी भरली, यांतले जे आधी होईल तेव्हा सुटायचे.

गाड्यांची संख्या: १२ आसनी गाडीत १२ माणसे धरू नका, १० धरा. तीन जागा उरल्या असल्या तरी चौघांचे कुटुंब त्यात चढत नाही, पुढच्या गाडीसाठी थांबते. तासाला १२० माणसांना १२ फेऱ्या, म्हणजे दर ५ मिनिटांनी एक आणि फेरी ६० मिनिटांची, म्हणून १२ गाड्या. २० आसनी घेतल्या तर फेरीला १७ माणसे, तासाला सात फेऱ्या, सात गाड्या. एरवीच्या गर्दीला १२ आसनी चार गाड्या दर १५ मिनिटांनी पुरतात. म्हणून मिश्र ताफा बरा.

आणि परतीची गर्दी. तुमचा खरा कस तिथे लागणार आहे. सहा छोट्या गाड्या असतील तर तासाला ७२ माणसे उतरतात. वर २४० जण असतील तर शेवटच्या माणसाला तीन तासांहून जास्त अंधारात थांबावे लागेल. "परत यायला मिळेल ना?" ही पर्यटकाची धास्ती अगदी रास्त आहे. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बहुतेक गाड्या रिकाम्या करून वर आणून उभ्या करा. सहा छोट्या आणि दोन तीस आसनी गाड्या एकाच वेळी वर असतील तर पहिल्या खेपेला १३२ माणसे उतरतात आणि तासाभराने दुसऱ्या खेपेला बाकीची. शेवटच्या फेरीची वेळ तिकिटावर, खालच्या फलकावर आणि वरच्या फलकावर, तिन्हीकडे ठळक अक्षरांत छापा. "शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत गाडी सुरू राहील" हे वाक्य लिहिता येत असेल आणि पाळता येत असेल, तर इतर कोणत्याही सुविधेपेक्षा त्याचा परिणाम मोठा होईल.

पाहणीवाला

वरच्या उत्तरातला पसंतीचा क्रम माझ्या मते बरोबर आहे, पण तुमच्या जागी तो तसाच असेल असे गृहीत धरू नका. मोजा. त्यासाठी मते विचारण्याऐवजी निवड करायला लावा. या पद्धतीचा पाया डॅनियल मॅकफॅडन यांनी घातला. २००० सालचे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले.

प्रत्येक कार्डावर दोन शटल आणि तिसरा पर्याय "यांपैकी नको, मी स्वतःच्या गाडीने जाईन". वर गाड्या बंद होणार असतील तर तिसरा पर्याय बदलून "नको, चालत जाईन" किंवा "नको, येणारच नाही" असा करा. दोन्ही शक्यता अजून उघड्या आहेत, म्हणून निम्म्या लोकांना एक आणि निम्म्यांना दुसरा संच द्या. हा तिसरा पर्याय ठेवला नाही तर लोक नाइलाजाने शटलच निवडतात आणि मागणीचा अंदाज फुगतो.

गुणधर्म सहाच्या वर नेऊ नका. त्यापुढे माणूस तुलना सोडून देतो आणि एकच रकाना पाहून खूण करतो. मी हे घेईन:

थांबण्याचा वेळ: ५, १०, २० मिनिटे.
भाडे: ठरवलेल्या भाड्याच्या ०.७५ पट, १ पट, १.५ पट (कार्डावर प्रत्यक्ष रक्कम छापा, पट नाही).
गाडी: डिझेल, वीज.
शेवटची परतीची फेरी: सूर्यास्ताला, नंतर १ तासाने, नंतर २ तासांनी.
गाडीची रचना: उघडी, बंद आणि वातानुकूलित.
पार्किंगपासून थांब्यापर्यंतचे चालणे: १००, ३००, ६०० मीटर.

एका माणसाला आठ कार्डे पुष्कळ. त्यांत एक कार्ड असे घाला की त्यातली एक शटल सगळ्याच बाबतींत सरस आहे. तिथेही दुसरी निवडणाऱ्याने वाचलेलेच नाही. आणखी एक कार्ड शेवटी पुन्हा दाखवा, उत्तर बदलते का पाहा. ही दोन तपासणीची कार्डे आठांच्या वर धरा.

किती लोक? किमान संख्येसाठी ढोबळ सूत्र ५०० × सर्वांत जास्त पातळ्या ÷ (कार्डे × "नको" सोडून उरलेले पर्याय). म्हणजे ५०० × ३ ÷ (८ × २) = ९४. ही तळरेषा आहे, आणि तीही एका गटासाठी. लहान मुले असलेली कुटुंबे, ज्येष्ठ आणि तरुणांचे गट वेगळे पाहायचे असतील तर प्रत्येकी एवढे लागतील. एकूण ३०० ठेवा. संच दोन असल्याने प्रत्येक गटात दोन्ही संच सारखे वाटले जातील हे पाहा.

हिशेब करणाऱ्याकडून प्रत्येक गुणधर्माचा गुणांक (त्या गुणधर्माने निवड किती बदलते ते सांगणारा आकडा) घ्या आणि एकाला दुसऱ्याने भागा. केवळ पद्धत समजावी म्हणून काल्पनिक आकडे: वाट पाहण्याचा गुणांक मिनिटाला उणे ०.०६ आणि विजेचा अधिक ०.३० आला, तर ०.३० ÷ ०.०६ = ५. म्हणजे वीज आहे म्हणून माणूस ५ मिनिटे जास्त थांबायला तयार आहे. वरच्या सूत्राशी हे जोडा: फेऱ्यांमधले अंतर १० वरून २० मिनिटांवर गेले तर सरासरी थांबणे नेमके ५ मिनिटांनी वाढते. चार्जिंगमुळे गाड्या कमी पडून अंतर दुप्पट झाले, तर विजेने कमावलेली सगळी पसंती तिथेच संपली. मतांच्या प्रश्नावलीतून ही गोष्ट कधीच दिसत नाही. भाड्याच्या गुणांकाने भागले की विजेसाठी किती रक्कम जास्त देतील तेही निघते.

चुका बहुतेक विचारण्याच्या जागी होतात. शटलच्या थांब्यावर विचारले तर ज्यांनी शटल निवडली तेच भेटतात. पार्किंगच्या तोंडाशी विचारा, ठरावीक क्रमाने येणारी दर पाचवी गाडी थांबवून. उत्तर एका गटाचे एकच घ्या, कारण निर्णय कुटुंब मिळून करते. पाच जणांची पाच उत्तरे म्हणजे पाच नमुने नव्हेत. विचारणाऱ्याच्या अंगावर सेवेचा गणवेश किंवा हिरव्या पानाचे बोधचिन्ह नको. ते दिसले की लोक शहाण्यासारखी उत्तरे देतात, खरी नाही. कार्डे दाखवण्याआधी एवढे सांगा: "अशा पाहणीत लोक प्रत्यक्षात देतील त्याहून जास्त पैसे देऊ असे म्हणतात. तुम्ही खिशातून आत्ता पैसे काढत आहात असे समजून निवडा." याने फुगवटा पूर्ण जात नाही, कमी होतो. म्हणून भाड्याचा निकाल जसाच्या तसा लावू नका. महिनाभर दोन वेगवेगळ्या भाड्यांनी चालवून पाहणे जास्त खात्रीचे.

मोटारतंत्र

पसंतीच्या आधी गाडी डोंगर चढते का ते पाहू. मूळ प्रश्नातली गाडी या रस्त्यासाठी कमी पडते.

भरलेल्या गाडीचे वजन २५०० किलो धरा: गाडी सुमारे १५००, प्रवासी आणि चालक ९१०, उरलेले सामान. १२ टक्के चढावर वजनाचा मागे ओढणारा भाग साधारण २९०० न्यूटन, चाकांचा रोध ३७०. ताशी १५ किमी वेगाला याला चाकाशी जवळपास १४ किलोवॅट लागतात. ७.५ किलोवॅटच्या मोटारीला तेवढ्या चढावर सातत्याने ताशी ७ किमीच जमेल. थोडा वेळ ती दुप्पट ताकद देईल, पण लागोपाठ काही फेऱ्या झाल्यावर मोटार आणि नियंत्रक तापतात, नियंत्रक स्वतःला वाचवायला प्रवाह कमी करतो आणि गाडी चढावर रेंगाळते. मागे सगळ्या गाड्या अडकतात, कारण रस्ता अरुंद आहे. वर "वेळापत्रक" यांनी सांगितलेला गाड्यांचा पुंजका असा तयार होतो. सातत्याची १५ किलोवॅट ताकद असलेली मोटार घ्या आणि माहितीपत्रकातला आकडा सातत्याचा की क्षणिक, हे लिहून मागा.

ऊर्जा: २५०० किलो २८० मीटर उचलायला १.९ किलोवॅट-तास, चाकांच्या रोधाला ०.६६, हवेला जेमतेम ०.०७. मोटार आणि गिअरची कार्यक्षमता ८५ टक्के धरून वर जाताना सुमारे ३.१ किलोवॅट-तास. उतरताना मोटार गाडी रोखता रोखता वीज तयार करते, त्या ब्रेकिंगमधून ०.७ च्या आसपास परत येतात. फेरीला निव्वळ २.४. दिवसाला नऊ फेऱ्या म्हणजे २१.६, दिवे वगैरे धरून २३.

१५ किलोवॅट-तासांच्या लिथियम बॅटरीतले ८० टक्के वापरायचे, म्हणजे १२. पाच फेऱ्या. काही वर्षांनी क्षमता ८० टक्क्यांवर आली की चारच. शिसे-आम्ल बॅटरी असेल तर निम्म्याहून जास्त उतरवायची नाही, म्हणजे तीन फेऱ्या. सकाळी नऊला निघालेली गाडी दुपारी एक-दोनला चार्जिंगला लागणार. सोबत येणाऱ्या ३ किलोवॅटच्या चार्जरने ती भरायला साडेचार तास, म्हणजे सूर्यास्ताच्या गर्दीला ती अर्धवट भरलेली. तिथेच सगळे फसते.

दोन मार्ग आहेत. एक, बॅटरी मोठी: २३ ÷ (०.८ × ०.८) = ३६ किलोवॅट-तास, दिवसभर चार्जिंगची चिंता नाही, पण वजन आणि किंमत वाढते. दोन, बॅटरी २० च्या आसपास आणि खालच्या टोकाला १० किलोवॅटचे चार्जर. दुपारच्या मंद वेळेत तासाभरात ९ किलोवॅट-तास, जवळपास चार फेऱ्या. मला दुसरा बरा वाटतो, पण चार गाड्या एकदम लावल्या तर ४० किलोवॅटचा वीजभार लागतो. जोडणीचा अर्ज गाड्यांच्या मागणीआधी करा. गाड्या येऊन उभ्या आणि जोडणी नाही, ही या कामातली नेहमीची अडचण.

चार्जिंगची जागा खालीच ठेवा. वर ठेवली तर पूर्ण भरलेली गाडी उतरायला लागते, बॅटरीत परत येणाऱ्या विजेला जागा नसते, मोटारीचे ब्रेकिंग बंद पडते आणि सगळा भार यांत्रिक ब्रेकवर येतो. वरच ठेवणे भाग असेल तर भरणे ९० टक्क्यांवर थांबवा.

वातानुकूलनाबद्दल: छोट्या बंद गाडीला अडीच किलोवॅट धरले तर नऊ तासांत २२ किलोवॅट-तासांच्या घरात जातात, म्हणजे चालवायला लागतात जवळपास तेवढेच पुन्हा. गाडी वातानुकूलनासह चालवायची तर बॅटरी दुप्पट. वीस मिनिटांच्या, ताशी २० किमीच्या डोंगरवाटेवर उघड्या बाजू, पक्के छप्पर आणि मिनिटाभरात खाली सोडता येणारे पारदर्शक पडदे मला जास्त योग्य वाटतात. पण कार्डावर हा पर्याय ठेवाच. कडक उन्हाळा असेल तर लोकांचे उत्तर वेगळे येऊ शकते.

चढावरच्या थांब्यावर गाडी जराशी मागे घसरली तर आतली माणसे घाबरतात आणि तेच लक्षात ठेवतात. ब्रेक सोडल्यावर गाडी जागीच धरून ठेवणारी यंत्रणा आणि वीज गेली की आपोआप लागणारा पार्किंग ब्रेक, दोन्ही मागणीपत्रात लिहा. शांतपणाची दुसरी बाजूही आहे: पायी चालणाऱ्याला गाडी ऐकू येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या वाहन नियमात ताशी २० किमीपर्यंत आणि मागे घेताना इशाऱ्याचा आवाज अपेक्षित आहे. तुमचा सगळा प्रवास त्याच वेगाचा आहे. ही सोय नसली तर चालक सतत भोंगा वाजवतात आणि शांत गाडीचे सुख संपते.

डोंगरवाट

खूप उपयोगी. आणखी तीन गोष्टी. भाडे माणशी ठेवायचे की पार्किंगमध्येच मिसळायचे? ॲपवर आधी जागा राखून ठेवण्याची सक्ती करावी का? आणि ज्येष्ठ, चाकाची खुर्ची, बाबागाडी यांच्यासाठी नेमके काय करावे?

वेळापत्रक

भाडे: माणशी भाडे कुटुंबाला सर्वांत जड जाते. पाच जणांचे जाण्यायेण्याचे दहा भाग होतात, तर स्वतःच्या गाडीचे पार्किंग एकच. पार्किंगच्या पावतीत शटल धरली की प्रत्येक माणसामागे नवा खर्च दिसत नाही आणि थांब्यावर सुट्या पैशांचा वेळ वाचतो. बारा माणसांकडून गाडीत चढताना पैसे घेतले तर माणशी १० सेकंद धरले तरी दोन मिनिटे गेली, आणि तुमची मोकळीक एकूण सहाच मिनिटांची आहे. चालत किंवा सार्वजनिक बसने येणाऱ्यांसाठी वेगळे, स्वस्त तिकीट ठेवा. नाहीतर ज्यांनी गाडीच आणली नाही त्यांनाच महाग पडते, आणि तुम्हाला हवे आहेत ते नेमके हेच पर्यटक. वर खासगी गाड्या चालू राहणार असतील तर वरचे पार्किंग खालच्यापेक्षा ठळक महाग हवे. हा फरक नसेल तर शटल कितीही चांगली असो, रिकामी धावेल.

सक्तीची आगाऊ नोंदणी नको. गर्दीच्या दोन तासांत दोन तृतीयांश जागा वेळेनुसार आगाऊ द्या, उरलेल्या आयत्या वेळी येणाऱ्यांना. नोंदणी फक्त वर जाण्याची. परतीची वेळ बांधली की माणूस वर सारखा घड्याळाकडे पाहतो आणि ज्यासाठी आला तेच हरवते. ॲप नसलेल्यांना वेळ छापलेला कागदी टोकन. डोंगरावर मोबाइलचे जाळे मिळेलच असे नाही, म्हणून तपासणी जाळ्याशिवाय चालणारी हवी.

पायरी

चढण्याउतरण्याबद्दल मी लिहितो.

गाडीची पायरी ३०० मिलिमीटरच्या वर असेल तर गुडघे दुखणाऱ्याला हात धरावा लागतो. गाडी बदलण्यापेक्षा थांब्याचा चौथरा १५० मिलिमीटर उंच करणे स्वस्त आणि जास्त टिकाऊ. बांधीव उताराला १:१२ हे प्रमाण नेहमीचे, म्हणजे तेवढ्या चौथऱ्यासाठी १.८ मीटर लांब उतार. चौथरा उंच झाला की गाडीतली घडीची फळीही आपोआप कमी तिरपी बसते. गाडी चौथऱ्यापासून हातभर दूर उभी राहिली तर हे सगळे फुकट. जमिनीवर चाकाची रेघ मारा आणि कडेला रबरी पट्टी लावा, म्हणजे चालक न बिचकता गाडी चिकटवेल.

चाकाच्या खुर्चीसाठी दर चौथ्या गाडीत सोय ठेवली आणि गाडी दर १५ मिनिटांनी असली, तर त्या माणसाला तासभरापर्यंत थांबावे लागू शकते. सगळ्या गाड्यांत शक्य नसेल तर "सोय असलेली पुढची गाडी किती वाजता" हे तरी फलकावर आणि फोनवर कळायला हवे. खुर्ची बांधायला चार पट्टे आणि बसणाऱ्याला वेगळा पट्टा लागतो. चढाच्या रस्त्यावर यात तडजोड नको. बाबागाडीसाठी मागचा एक बाक उलटता येईल असा ठेवला की सामानाचेही भागते.

थांब्यावर सावली, पाणी आणि पुढची गाडी किती मिनिटांत हे दाखवणारा फलक. अनिश्चित ५ मिनिटांपेक्षा ठाऊक असलेली ८ मिनिटे माणूस शांतपणे काढतो.

कार्बनमोजणी

"शून्य प्रदूषण" असे फलकावर लिहायचा मोह होईल. लिहू नका, जाणकार पर्यटक तिथेच विश्वास गमावतो.

वरचे आकडे घेऊ. फेरीला २.४ किलोवॅट-तास, १३ किमी, म्हणजे किलोमीटरला ०.१८५, चार्जिंगमधली १० टक्के गळती धरून ०.२. वीज बरीचशी कोळशाची असेल आणि किलोवॅट-तासाला ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर गाडीमागे किलोमीटरला १४० ग्रॅम. आठ प्रवासी असतील तर माणशी १८ ग्रॅमहून कमी. दोनच असतील तर ७० ग्रॅम. शंभर किलोमीटरला ८ लिटर पेट्रोल पिणारी खासगी गाडी लिटरला २.३ किलोच्या हिशेबाने १८४ ग्रॅम सोडते. तीन माणसे बसली तर माणशी ६१. म्हणजे रिकामी धावणारी विजेची शटल भरलेल्या खासगी गाडीपेक्षा वाईट ठरू शकते. गाड्या भरलेल्या धावणे हाच खरा पर्यावरणाचा भाग, आणि ते फेऱ्यांच्या वेळेवर आणि परतीच्या हमीवर अवलंबून आहे. मंद वेळेत मोठी गाडी रिकामी फिरवू नका. चार्जिंगच्या छतावर सौर पट्ट्या टाकल्या तर आकडा उतरतो. दिवसा चार्जिंग होत असेल तर ते जुळतेही.

फलकावर हे लिहा: "या गाडीला धूर नाही, आवाज कमी." हे खरे आहे आणि प्रवाशाला स्वतःच्या नाकाकानांनी पडताळता येते.

पाहणीवाला

वरचे सगळे वाचल्यावर माझ्या कार्डांत दोन दुरुस्त्या. थांबण्याची ५ मिनिटांची पातळी म्हणजे फेऱ्यांमधले अंतर १० मिनिटे, म्हणजे निदान सहा गाड्या रस्त्यावर आणि एक राखीव. तेवढ्या मिळणार नसतील तर ती पातळी काढून ८, १२, २० करा. जे देता येणार नाही ते कार्डावर दाखवले की लोक तेच निवडतात आणि उरलेल्या पर्यायांमधला फरक अस्पष्ट होतो. दुसरी: पार्किंगमध्ये शटल मिसळणार असाल तर भाड्याचा रकाना माणशी नव्हे, पूर्ण गाडीमागे लिहा. दोन्ही पद्धती तपासायच्या असतील तर वेगळे संच, एकाच कार्डावर दोन्ही नकोत.

डोंगरवाट

तिसऱ्या पर्यायाचे दोन संच, रक्कम पूर्ण गाडीमागे, पातळ्या ८-१२-२०, असे करतो. विजेच्या जोडणीचा अर्ज आधी. गाडीची चाचणी कशी घ्यावी, एवढे सांगाल?

मोटारतंत्र

मागणी नोंदवण्याआधी विक्रेत्याची गाडी त्याच रस्त्यावर मागवा. प्रत्येक आसनावर ७० किलो वाळूची पोती, एकूण ८४० किलो. बॅटरी ४० टक्क्यांपर्यंत उतरवून घ्या, कारण भरलेल्या बॅटरीवर कुठलीही गाडी चांगली वाटते. १२ टक्के चढाच्या मधोमध थांबवा, ब्रेक सोडून गाडी घसरते का पाहा, मग निघा. असे तीनदा, लागोपाठ. त्यानंतर बॅटरी पूर्ण भरून न थांबता चार पूर्ण फेऱ्या. प्रत्येक फेरीला चार गोष्टी लिहा: वर पोचायला लागलेला वेळ, मोटारीचे तापमान, चढावर व्होल्टेज किती खाली गेले, फेरीत किती टक्के बॅटरी गेली. चौथ्या फेरीचा वेळ पहिलीपेक्षा दोन मिनिटांहून जास्त वाढला तर नियंत्रक प्रवाह कमी करतो आहे. ती गाडी या वाटेसाठी घेऊ नका. शक्य असेल तर चाचणी दुपारच्या उन्हात घ्या. आणि उतरताना पायथ्याशी थांबल्यावर चाकाजवळ हात न लावता नुसता नेऊन पाहा. ब्रेकची धग जाणवली तर मोटारीचे ब्रेकिंग पुरेसे लावलेले नाही, ते वाढवून पुन्हा मोजायला सांगा.